परमिट रूममधला बर्गर आणि मोहाची पहिली धार

नंदुरबारमधल्या कुठल्याही बारची पाटी बघा. नाव काहीही असो, त्याखाली ‘परमिट रूम’ हे दोन शब्द असतातच. महाराष्ट्रभर असतात. आपण ते इतक्या वेळा वाचलेत की आता दिसतही नाहीत. पण कसलं परमिट, कुणाचं, आणि ते नसलं तर काय, असं एकदा विचारलं की या दोन शब्दांमागून बराच मोठा इतिहास बाहेर येतो. त्यात ब्रँडी पाजणारा एक इंग्रज कॅप्टन आहे, दारू सोडा म्हणणारी देवी आहे, मडकी फोडणाऱ्या बाया आहेत आणि रात्री गळणारं एक फूल आहे. बर्गरही आहे, पण तो शेवटचा पाहुणा.

म्हणून त्याला आधी आटपून घेऊ. आमच्या भागातल्या बारमध्ये पूर्वी खायला काय असायचं? मसाला पापड, शेंगदाणे, उकडलेली अंडी, आणि पोट भरायचं तर शेवभाजी किंवा काजूकरी. गेल्या काही वर्षांत मेनूकार्डाच्या शेवटच्या पानावर चिकन बर्गर आणि व्हेज बर्गर आले. मॅकडोनाल्ड्स भारतात आलं १९९६ साली. गोमांसाचा हा अमेरिकी पदार्थ त्यांनी इथं बटाट्याची टिक्की आणि कोंबडी घालून विकायला सुरुवात केली, आणि पुढं गावोगावच्या हातगाड्यांनी तो आपलासा केला. आमच्याकडचा बर्गर म्हणजे गोल पाव, कोबी, भरपूर मेयोनीज आणि तळलेली कोंबडी. ही कोंबडीही तशी ऐतिहासिकच. फेब्रुवारी २००६ मध्ये देशात पहिल्यांदा बर्ड फ्लूची खात्री झाली ती आमच्या नवापूरच्या पोल्ट्रींमध्ये. लाखो पक्षी मारून पुरले गेले आणि नवापूरचं नाव जगभरच्या बातम्यांत झळकलं. नवापूरनं पुन्हा शेड उभ्या केल्या. असो. बर्गर संपला.

आता ग्लासाकडं वळू. नंदुरबारच्या बारमध्ये बर्गरसोबत येते ती बाटलीतली बिअर. क्राफ्ट बिअर मी पहिल्यांदा प्यायलो पुण्यात. तिथं २००९ साली ‘डूलाली’ सुरू झालं, बारमध्येच बिअर बनवून तिथंच विकणारं. महाराष्ट्रात या प्रकाराची सुरुवात तिथून झाली असं मानतात. नंतर मुंढव्यापासून बाणेरपर्यंत अशा जागा निघाल्या. क्राफ्ट म्हणजे काय, तर थोड्या प्रमाणात, हातानं, स्थानिक चव सांभाळून केलेलं पेय. काचेच्या भिंतीपलीकडं स्टीलच्या चकचकीत टाक्या उभ्या असतात आणि त्यांच्यासमोर लोक सेल्फी काढतात.

माझ्यासोबत एकदा माझा पावरा मित्र होता. अक्राणी तालुक्यातला, धडगावच्याही वर डोंगरात घर. त्या टाक्यांकडं बराच वेळ बघून तो म्हणाला, “आमच्या आजीकडं पण आहे हे. फक्त काच नाही.” मग थोडं थांबून म्हणाला, “आणि याच्या आत जे आंबतंय ना, त्याला आमच्याकडं पेपरात रसायन म्हणतात.”

तुम्हीही वाचल्या असतील त्या बातम्या. ‘अमुक पाड्यावर छापा, दोनशे लिटर रसायन नष्ट.’ रसायन म्हणजे पाण्यात आंबायला घातलेली मोहाची फुलं किंवा गूळ. पुण्यात जे काचेआड दाखवायला ठेवलेलं असतं तेच डोंगरात नाल्यात ओतलं जातं. तांत्रिक बाब सांगायलाच हवी, नाहीतर जाणकार रागावतील: बिअर नुसती आंबवतात, मोहाची दारू आंबवून वर गाळतात. त्यामुळं मोहाची दारू बिअरपेक्षा व्हिस्कीच्या जवळची, आणि बिअरची खरी चुलतबहीण म्हणजे ताडी. पण थोड्या प्रमाणात, हातानं, स्थानिक चव सांभाळून, या तिन्ही अटी आजीची हंडी पुण्यातल्या टाकीपेक्षा जास्त चोख पाळते. तरी एक उद्योग आहे आणि दुसरा गुन्हा. हे असं कधी ठरलं?

आधी फूल समजून घ्या. मोहाला होळीच्या आसपास, मार्च-एप्रिलमध्ये फुलं येतात. पाकळ्या जाड, मांसल, फिकट पिवळसर आणि साखरेनं भरलेल्या. रात्री उमलतात आणि पहाटेपर्यंत झाडाखाली सडा पडतो. उजाडायच्या आत बायका-मुलं टोपल्या घेऊन जातात, कारण उशीर केला तर गुरं, हरणं, अस्वलं आधी पोचतात. फुलं वाळवली की मनुक्यांसारखी होतात आणि वर्षभर टिकतात. ती भाजून खातात, भाकरीच्या पिठात मिसळतात, बियांचं तेल काढतात. दुष्काळात या फुलांनी माणसं जगवली आहेत. दारू हा मोहाचा एक उपयोग, एकमेव नव्हे. शहरात हे कुणाला सांगितलं तर आश्चर्य वाटतं, कारण शहराला मोह फक्त बाटलीतून माहीत.

दारूसाठी सुकी फुलं पाण्यात भिजत घालतात. काही दिवसांत आंबतात, वर फेस येतो. मग मडकं चुलीवर चढवायचं, वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात न्यायची, ते भांडं थंड पाण्यात ठेवायचं. थेंबथेंब जी येते ती पहिली धार, सगळ्यात कडक. मराठीत आपण कुठल्याही अस्सल गोष्टीला ‘पहिल्या धारेची’ म्हणतो. ही भाषा या चुलीवरून आली आहे. पिण्याआधी दोन थेंब जमिनीवर सांडायचे, पूर्वजांसाठी. जन्म, लग्न, मरण, पेरणी, नवं धान्य, यांतलं काही तिच्याशिवाय होत नाही. सातपुड्यातल्या आदिवासींची कुलदेवता याहामोगी. याहा म्हणजे आई. तिचं मोठं ठाणं देवमोगरा इथं, गुजरातच्या सागबारा तालुक्यात. महाशिवरात्रीला तिथं जत्रा भरते, अक्कलकुवा-तळोद्याकडून माणसं लोटतात, आणि देवीला घरी गाळलेल्या मोहाची धार वाहतात. दारूबंदीच्या राज्यात. देवीला कुणी परमिट विचारत नाही.

आता कॅप्टनची गोष्ट. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडं आला. सातपुड्यातल्या भिल्ल नाईकांनी मात्र ते मान्य केलं नाही. काही वर्षं फौजा पाठवून, माणसं मारून, गावं जाळूनही जमेना. तेव्हा १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्याला भिल्लांचीच पलटण उभी करायला सांगितलं. त्यानं काय केलं याबद्दल इंग्रजांच्याच लेखनात नोंद आहे: तो एकटा जंगलात गेला, नाईकांसोबत शिकार केली, पहारा न ठेवता त्यांच्यात राहिला, आणि भरपूर ब्रँडी पाजून त्यांची मनं जिंकली. धरणगावात भिल्ल कोअर उभी राहिली. म्हणजे या डोंगरातला माणूस आणि आधुनिक सरकार यांच्या मैत्रीची सुरुवात पेला समोर ठेवूनच झाली. सरकारनं आधी पाजली. कर नंतर लावला.

तो नंतरचा भाग १८७८ चा. मुंबई सरकारनं अबकारी कायदा केला. तोवर डोंगरात घरोघर गाळणं ही सरकारनं जवळपास सोडून दिलेली गोष्ट होती. आता ठरलं की दारू गाळायची ती सरकारमान्य भट्टीतच, विकायची ती ठेकेदारानंच, आणि प्रत्येक गॅलनवर शुल्क. घरची हंडी एका रात्रीत बेकायदा. ठाणे-कुलाब्यात तर १८९२ मध्ये खास मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा आला, कारण सरकारच्या लक्षात आलं की नुसती दारू पकडून भागत नाही. फूल घरात असेल तोवर हंडी चढणारच. झाडावरून आपोआप पडणारं फूल जवळ बाळगण्यावर बंधन! कर वसूल करायची ही जिद्द बघून मला कौतुकच वाटतं, जरा वेगळ्या अर्थानं.

याचा परिणाम लोकांनी पिणं कमी करण्यात झाला नाही. तो पैसे देऊन पिण्यात झाला. दारूचं दुकान आलं, दुकानात उधारी आली, उधारीमागून सावकारी आली, आणि सावकारीमागून जमीन गेली. दक्षिण गुजरातेत ठेकेदार बहुतेक पारशी होते, खानदेशात इतरही होते. जात बदलली तरी वही तीच. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी हे सगळं बारकाईनं मांडलं आहे. त्यांच्या एका निबंधाच्या शीर्षकाचा अर्थ ‘रूढीकडून गुन्ह्याकडं’ असा आहे. त्याहून नेमकं दोन शब्दांत सांगता येणार नाही.

आणि इथंच गोष्ट वेगळं वळण घेते. आपल्याला वाटेल की आदिवासींनी ‘आमची दारू आम्हाला परत द्या’ म्हणून बंड केलं असेल. १९२२ मध्ये घडलं ते उलटंच. पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमध्ये देवीची साथ शमवण्यासाठी एक विधी सुरू झाला. तो घाट चढून बागलाण-सुरगाण्यात आला, डांगात शिरला, तिथून खानदेशाच्या पश्चिम भागात आणि गुजरातच्या राणीपरज गावांत गेला. मांडवाखाली लोक जमत. कुणाच्या तरी अंगात देवी येई आणि बोले: दारू सोडा, ताडी सोडा, मांस-मासे सोडा, रोज आंघोळ करा, दारू विकणाऱ्याच्या दारात कामाला जाऊ नका. हजारो माणसं ऐकत होती आणि सोडत होती. ताडीची झाडं छाटली गेली, दुकानं ओस पडली.

वरून बघणाऱ्याला हा सुधारणेचा कार्यक्रम वाटेल, ‘मागासलेले’ लोक उच्चवर्णीयांसारखे व्हायला निघाले असं. मला तसं वाटत नाही. शेवटची आज्ञा पुन्हा वाचा: विकणाऱ्याच्या दारात जाऊ नका. हा संप होता. ज्या गोष्टीमुळं जमीन जाते ती गोष्टच टाकून देणं, हा दुबळ्यानं काढलेला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कठीण मार्ग. तो फार काळ सगळ्यांना झेपला नाही हेही खरं. काही वर्षांत अनेक गावांत दोन तट पडले, सोडलेले आणि परत धरलेले.

नंदुरबारमध्ये हीच आग पुन्हा पेटली ती १९३७-३८ च्या सुमारास, तळोदा तालुक्यातल्या मोरवडला. गुलाम महाराज नावाचा एक आदिवासी माणूस आरती करू लागला. ‘आप की जय’ हा नमस्कार, आणि शिकवण तीच: दारू सोडा, स्वच्छ राहा, कुणापुढं वाकू नका. मोरवडच्या आरतीला माणसांचे लोंढे येऊ लागले, इतके की सरकारला आणि जमीनदारांना दोघांनाही धडकी भरली. १९३८ मध्ये गुलाम महाराज वारले. त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम पुढं नेलं, तर त्यांना हद्दपार केलं. दारू पिऊ नका असं सांगणाऱ्या माणसाला जिल्ह्याबाहेर काढलं जातं, यावरून दारूवर कुणाचं काय अवलंबून होतं ते कळतं. मोरवडचं नाव आता रंजनपूर आहे. महाराजांना मानणारी, दारूला न शिवणारी कुटुंबं आजही या भागात आहेत.

आता परमिट. काँग्रेसच्या पहिल्या मंत्रिमंडळानं १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी आणली. गंमत म्हणजे त्या खात्याचे मंत्री डॉ. गिल्डर स्वतः पारशी होते. पुढं महायुद्ध आलं, मंत्रिमंडळ गेलं, बंदी विरली. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाईंच्या आग्रहानं १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून सगळ्या मुंबई राज्यात पूर्ण बंदी आली. एक अपवाद असा: प्रकृतीसाठी डॉक्टरांनी लिहून दिलं तर परवाना. मुंबईत अचानक खूप लोकांची प्रकृती बिघडली. ज्यांना परवाना परवडत नव्हता ते ‘आंटी’च्या अड्ड्यावर गेले.

१९६० च्या दशकात महाराष्ट्र सरकारनं पकड सैल केली, पण कायदा रद्द केला नाही. परवाना देणं सोपं केलं, एवढंच. हॉटेलात परवानाधारकांनी बसायची जी वेगळी खोली, ती परमिट रूम. कायदा अजून तोच आहे. त्यानुसार तुमच्या-माझ्या खिशात बिअर पिताना परवाना हवा: एका दिवसाचा ५ रुपयांना, आयुष्यभराचा १००० रुपयांना, आणि त्यावर कारण लिहिलेलं असतं की स्वतःची प्रकृती राखण्यासाठी. सौम्य बिअरसाठी वय २१, कडक दारूसाठी २५. बिअर संभाजीनगरच्या वाळूजमध्ये तयार झालेली असली तरी कायद्याच्या खात्यात ती जमा होते ‘विदेशी’मध्ये. देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० मध्ये आमच्याच जिल्ह्यात, शहाद्याजवळच्या टेंभलीत दिलं गेलं. कागदाचा मान आम्हाला नवा नाही. तरी बारमध्ये मला परमिट कुणी विचारलेलं आठवत नाही.

हाच १९४९ चा कायदा १ मे १९६० ला दोन भावांत वाटला गेला. गुजरातनं तो अक्षरशः पाळायचं ठरवलं, महाराष्ट्रानं अर्थ लावून. पुढं दोघांनी आपापल्या प्रतीवरचं ‘मुंबई’ हे नाव बदललं. ही वाटणी बघायची तर नवापूरच्या रेल्वे स्टेशनवर जा. सुरत-भुसावळ लाइनवरचं हे स्टेशन आधीचं, राज्यांची रेघ नंतरची, आणि रेघ आली ती फलाटावरून. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत. एका बाकड्याचा अर्धा भाग इकडं, अर्धा तिकडं. लोक त्यावर बसून फोटो काढतात. खिशात बाटली असेल तर बाकड्याच्या या टोकाला तुम्ही गिऱ्हाईक, त्या टोकाला आरोपी. नवापूरच्या बारवाल्यांना या रेघेचे उपकार पुरते ठाऊक आहेत.

पण बाकड्याचं विनोदी चित्र एक गोष्ट लपवतं. नवापूरच्या पाड्यावरच्या बाईनं घरी मोह गाळला तर ती या टोकालाही आरोपीच आहे. रेघ फक्त बाटलीसाठी आहे, हंडीसाठी नाही.

१९७१-७२ मध्ये शहाद्याला मोठी चळवळ उभी राहिली. तापीकाठची काळी जमीन, तिच्यावर सालदार म्हणून राबणारे भिल्ल, आणि कर्जापायी कधीकाळी गेलेली त्यांचीच शेतं. अंबरसिंग सुरतवंती हे भिल्ल समाजातलेच कार्यकर्ते पुढं आले, बाहेरून सर्वोदयी आणि डावी तरुण मंडळी आली, श्रमिक संघटना झाली. वाहरू सोनवणे त्याच चळवळीतले. त्यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह १९८७ मध्ये आला. जमीन आणि मजुरी हे मुद्दे होतेच. पण शिबिरात बायकांना बोलायला सांगितलं तेव्हा त्या मजुरीवर थांबल्या नाहीत. त्या म्हणाल्या, मजुरी वाढली तर तो जास्त पितो, आणि जास्त पिऊन जास्त मारतो. मग त्यांनी ठरवलं आणि निघाल्या. गावोगाव, टोळीनं, गुत्त्यांत घुसून मडकी फोडत. काही ठिकाणी मारणाऱ्या नवऱ्यांनाही भरचौकात जाब विचारला. महाराष्ट्रातल्या स्त्री-चळवळीचा इतिहास पुण्या-मुंबईच्या सभागृहांतून सुरू करण्याची आपल्याला सवय आहे. तो शहाद्याच्या फुटलेल्या मडक्यांपासून सुरू करता येतो, आणि करायला हवा.

आजकाल मोहाबद्दल प्रेमानं लिहिणारे बरेच निघालेत. ‘आपला वारसा’, ‘जंगलाची व्हिस्की’ वगैरे. माझा त्यांच्याशी एकच वाद आहे: ते या बायकांना गोष्टीतून गाळून टाकतात. आणि दारूबंदीवाल्यांशी माझा वाद असा की ते याच बायकांना आपल्या बाजूच्या साक्षीदार म्हणून उभं करतात, जणू त्या बायका १८७८ च्या कायद्याच्या बाजूनं बोलत होत्या. त्यांनी फोडलेलं मडकं आणि छाप्यात फुटलेलं मडकं एकच असलं तरी फोडणारा हात वेगळा आहे. एक बाई आपल्या गावातलं मडकं फोडते तेव्हा तिला त्या घरातलं सगळं माहीत असतं.

माझ्या मित्राच्या घरात हा वाद दोन पिढ्यांचा आहे, एकाच चुलीभोवती. आजी गाळते. विकत नाही; सणाला, पाहुण्याला, देवाला. आईनं एकदा आजीची हंडी अंगणात नेऊन फोडली. त्याचा काका दारूनं गेला, पस्तिशीच्या आत. तो पीत होता ती आजीची नव्हती, तालुक्याच्या दुकानातली सरकारमान्य देशी होती, शिक्क्याची. आजी तेच सांगत राहिली. आई म्हणाली, सुरुवात कुठून झाली? सासू-सुनेचं दोन महिने बोलणं नव्हतं. मित्र हे सांगतो तेव्हा कुणाची बाजू घेत नाही. मीही घेऊ शकलेलो नाही.

कायद्यात या दोघींसाठी एक जागा आहे, म्हणजे कागदावर तरी. १९९६ च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांची विक्री आणि सेवन नियंत्रित करण्याचा अधिकार दिला. महाराष्ट्रानं त्याचे नियम केले २०१४ मध्ये. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे तालुके त्यात येतात. म्हणजे आजीनं किती गाळायची, दुकान पाड्याच्या वेशीवर असावं की नसावं, हे त्या दोघींनी आणि गावानं बसून ठरवायचं. प्रत्यक्षात गावानं नाही म्हटलं तर ते ऐकवायला फार आटापिटा करावा लागतो. राज्यभरच्या बायका त्यासाठी ‘उभी बाटली, आडवी बाटली’च्या मतदानाला रांगा लावतात; आणि बाटली आडवी करायची तर मतदानाला आलेल्या बायकांचं नव्हे, यादीतल्या एकूण बायकांचं निम्म्याहून जास्त मत लागतं. आमदार इतक्या मतांनी निवडून आला तर तो विक्रम ठरेल.

२०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं मोहफुलं गोळा करण्यावरची आणि साठवण्यावरची जुनी बंधनं उठवली. फूल सुटलं. घरची हंडी मात्र अजून गुन्हाच. फुलांपासून लाडू, सरबत, जाम करा, असं प्रशिक्षणांत सांगतात. डहाणूकडं एका जुन्या डिस्टिलरीनं मोहाची दारू देखण्या बाटलीत घालून शहरी बाजारात आणली आहे, आणि तिची किंमत वाचून मी बाटली परत फडताळावर ठेवली. नर्मदेपलीकडं मध्य प्रदेशात आणखी वेगळं. तिथं आदिवासींना घरच्या वापरापुरती, ठरलेल्या मर्यादेत, गाळायची मुभा जुनीच आहे. वर आता अलिराजपूर आणि दिंडोरीत बचत गटांकडून ‘हेरिटेज’ मद्य म्हणून मोहाची दारू बनवून घेतात. म्हणजे अक्राणीच्या टोकावर उभं राहिलं तर एकाच फुलाचे तीन कायदे दिसतात. गुजरातेत पिणंच बंद. महाराष्ट्रात शिक्क्याची प्या. पलीकडच्या काठावर घरी गाळा.

मित्राच्या आजीचं माहेर पलीकडच्या काठावरचं. सरदार सरोवराचं पाणी चढल्यापासून मधे मोठा जलाशय आहे आणि लग्नाला बोटीनं जावं लागतं. जाताना ती हंडी घरी ठेवून जाते, येताना भाऊ बाटलीत भरून देतो. ती बाटली बोटीत कुठल्या घटकेला गुन्हा होते हे मला अजून नक्की सांगता आलेलं नाही. पाण्यावर पाटी नाही.

मागच्या होळीला मी त्यांच्याकडं होतो. मित्रानं तिला पावरीत समजावून सांगितलं की शहरातल्या बारमध्ये प्यायला एक कागद लागतो, आणि त्यावर तब्येतीसाठी पितो असं लिहिलेलं असतं. तिला खूप वेळ हसू आवरेना. मग डोळे पुसत तिनं विचारलं, “कागद देणाऱ्याला गाळता येते का?” आई चुलीपाशी भाकरी थापत होती. ती हसली नाही, पण तिनं मान वर करून आमच्याकडं पाहिलं, आणि मित्राच्या पुढ्यातला पेला उचलून आत नेला.